नकाराचे इंग्रजी व्याकरण : नवी पेठेतील एका शिकवणीचे परीक्षण

सोलापुरात इंग्रजीच्या शिकवण्यांना तोटा नाही, परंतु व्याकरणाचा एकच अवघड भाग हाती घेऊन तो शेवटपर्यंत नेणारे वर्ग विरळाच. नवी पेठेतील एका लहानशा शिकवणीत नकारार्थी क्रियाविशेषणे आणि कॅन, मस्ट, शुड, नीड यांसारखी मोडल, म्हणजे शक्यता, सक्ती, सल्ला किंवा गरज दाखवणारी सहायक क्रियापदे, एवढ्याच विषयावर संध्याकाळचा अल्पमुदतीचा वर्ग चालतो. तो मी पूर्ण केला. काही त्रुटी असूनही बारावीच्या आणि स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांनी तो जरूर करावा, असे माझे मत आहे.

या वर्गाचे मोठेपण असे की, येथे सूत्रे पाठ करून घेण्यापूर्वी चूक कोठून येते ते दाखवले जाते. बाकांवर घरी मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलणारी मुले शेजारी शेजारी बसतात. सरांनी ‘कोणीच आले नाही’ हे वाक्य तिन्ही भाषांत त्या त्या मुलांकडूनच फळ्यावर लिहून घेतले, आणि तिन्ही वाक्यांतील क्रियापदावरचा नकार अधोरेखित केला. आपल्या या भाषांत ‘कोणीच’, ‘कधीच’ म्हटल्यावरही क्रियापद नकारार्थीच ठेवावे लागते. तीच सवय इंग्रजीत ‘नोबडी डिडन्ट कम’ होऊन उतरते. प्रमाण इंग्रजीत मात्र एका वाक्यांशाला एकच नकार पुरतो. नेव्हर, सेल्डम, हार्डली, स्केअर्सली, बेअरली हे शब्द तो नकार स्वतःच वाहून आणतात, म्हणून ‘ही कॅन्ट हार्डली वॉक’ चुकीचे आणि ‘ही कॅन हार्डली वॉक’ बरोबर. असे शब्द मोडल आणि मुख्य क्रियापद यांच्या मध्ये बसतात, हेही त्याच ओघात कळले.

पुढचा भाग, म्हणजे नकारार्थी शब्द वाक्याच्या आरंभी आला की कर्ता आणि सहायक क्रियापद यांची अदलाबदल होणे, हा या वर्गाचा उत्तम भाग होय. ‘ही सेल्डम कम्स’ याचे ‘सेल्डम डझ ही कम’ होताना ‘कम्स’मधील ‘स’ नेमका कोठे गेला, हे सरांनी फळ्यावर बाण काढून दाखवले. वाक्यात मोडल असेल तर ‘डू’ची गरज उरत नाही, तेच मोडल पुढे येते : ‘नेव्हर शुड यू साइन अ ब्लँक चेक’. बोर्डाच्या परीक्षेसाठी घोकून घेतल्या जाणाऱ्या ‘नो सूनर’नंतर ‘दॅन’च का, याचे कारणही येथे मिळाले. ‘सूनर’ हे तुलनेचे रूप असल्यामुळे त्याला ‘दॅन’ लागते, तर ‘हार्डली’ आणि ‘स्केअर्सली’ यांच्याबरोबर ‘व्हेन’ येते. ‘हार्डली एनीवन केम’ या वाक्यात अदलाबदल का होत नाही, हा प्रश्न एका मुलीने विचारला, तेव्हा ‘हार्डली’ येथे कर्त्याचाच भाग आहे हे सरांनी घाई न करता समजावले. असा प्रश्न विचारण्याची मोकळीक वर्गात असणे, हे मला फार मोलाचे वाटते.

मोडल क्रियापदांत ‘मस्ट नॉट’ आणि ‘नीड नॉट’ यांतील भेद फीच्याच उदाहरणाने पक्का झाला. ‘यू मस्ट नॉट पे टुडे’ म्हणजे आज पैसे भरण्यास मनाई, आणि ‘यू नीड नॉट पे टुडे’ म्हणजे आज भरले नाहीत तरी चालेल.

येथून पुढे मात्र वर्ग घाईचा झाला. ‘ही मस्ट हॅव लेफ्ट’, म्हणजे ‘तो गेला असणार’, या अनुमानाचा नकार ‘मस्ट नॉट हॅव’ न होता सहसा ‘कान्ट हॅव लेफ्ट’ असा होतो, हे जेमतेम सांगून झाले. ‘नीडन्ट हॅव वेटेड’ म्हणजे थांबलात, पण गरज नव्हती. ‘डिडन्ट नीड टू वेट’मध्ये मात्र गरज नव्हती एवढेच कळते, थांबलात की नाही ते कळत नाही. हा बारकावा सरावाविना राहिला. छापील टिपणांत एके ठिकाणी ‘हार्डली’नंतर ‘दॅन’ आले आहे. परीक्षेसाठी वाचणाऱ्या मुलांच्या हाती ते तसेच जाऊ नये.

माझा सर्वांत मोठा आक्षेप निराळा आहे. क्रियाविशेषण आरंभी आणून केलेली रचना ही लेखनाची आणि भाषणाची, म्हणजे औपचारिक इंग्रजीची आहे. मुलाखतीच्या सरावात मुले साध्या प्रश्नालाही ‘नेव्हर हॅव आय…’ असे उत्तर देऊ लागली आणि त्यांना कोणी थांबवले नाही. ‘आय हॅव नेव्हर…’ हे तितकेच शुद्ध असून संभाषणात तेच शोभते, हे त्यांना त्याच क्षणी सांगायला हवे होते.

वह्या नियमितपणे तपासल्या जातात आणि चुकलेले वाक्य पुन्हा लिहून घेतले जाते. फी वाजवी आहे. नवी पेठेत संध्याकाळी गाडी लावण्यास जागा मिळणे कठीण असल्याने शक्य तर चालत किंवा रिक्षाने जावे. ज्यांना केवळ अस्खलित बोलायचे आहे, त्यांनी दुसरा वर्ग पाहावा. लेखी परीक्षेत वाक्यपरिवर्तनाचे गुण हवे असणाऱ्यांनी टिपणांतील ती ओळ दुरुस्त करून घेऊन येथे निःशंकपणे नाव नोंदवावे.