सिंगापूरची बाग आणि आमची चादर

लेक-जावई नोकरीनिमित्त सिंगापूरला. शनिवार-रविवार दोघं घड्याळाकडे बघतच नाहीत, मग मीही बघितलं नाही. बोटॅनिक गार्डन्समध्ये चांगले पाच तास काढले! १८५९ सालची बाग, २०१५ पासून जागतिक वारसा यादीत, आणि आत जायला दमडी लागत नाही. तिकीट फक्त ऑर्किडच्या बागेला. पहाटे ५ ला उघडते म्हणे, आम्ही पोचलो नऊला. हिरवळीवर सोलापुरी चादर अंथरली, कडक भाकरी मोडली. त्या कटकन आवाजानं शेजारचं पोरगं वळून बघायला लागलं. शेंगाचटणीचं बोट चाटलं आणि पाण्याची बाटली संपवली बिचाऱ्यानं.

मग हॉकर सेंटर, म्हणजे एका छपराखाली खाण्याचे बरेच गाळे. टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलं की जागा आपली. एसटीत खिडकीतून रुमाल टाकतो तसंच! काया टोस्ट, म्हणजे नारळाचं दूध-अंडी-साखरेचा जाम लावलेला पाव, झकास. कॉफीत मात्र इतकं कंडेन्स्ड मिल्क की बासुंदीच. दुसऱ्यांदा जावईबापूंनी 'कोपी ओ कोसोंग' सांगितली, काळी, बिनसाखरेची. ती जमली.

उकाडा चिकट. आपलं ऊन परवडलं, निदान घाम तरी वाळतो.