क्रीटच्या समुद्रात उतरायचे तर कोणता महिना: मे, जून, ऑगस्ट की सप्टेंबरअखेर?

ग्रीसच्या क्रीट बेटावर जायचा महिना ठरवताना बहुतेक जण हवेचे तापमान बघतात. मेच्या मध्याला दुपारी २३-२४ अंश, ऑक्टोबरच्या मध्यालाही तेवढेच. मग मुलांना मेमध्ये सुट्टी आहे तर मेमध्येच जाऊ, असा हिशोब होतो. भटकंतीसाठी तो बरोबर आहे, समुद्रासाठी मात्र साफ चुकतो. पाणी हवेच्या मागून तापते आणि मागूनच निवते. मेच्या मध्याला क्रीटच्या हेराक्लिऑन शहराजवळचा समुद्र १९-२० अंशांवर असतो, ऑक्टोबरच्या मध्याला तोच समुद्र २३ च्या आसपास असतो.

आपल्याकडच्या लोकांना हा फरक जास्त जाणवतो. मुंबई-कोकणाजवळचा अरबी समुद्र जानेवारीतसुद्धा साधारण २५ अंशांवर असतो आणि मेमध्ये २९-३० पर्यंत जातो. म्हणजे क्रीटचे वर्षातले सर्वांत उबदार पाणी जेमतेम आपल्या ऐन थंडीतल्या पाण्याइतके. उत्तर युरोपातले पर्यटक मेमध्ये मजेत पोहतात, त्यांचे अनुभव वाचून आपण बुकिंग केले की मुले गुडघाभर पाण्यातून पाच मिनिटांत कुडकुडत बाहेर येतात. लहान मुले किंवा साठीच्या पुढची मंडळी बरोबर असतील तर २२ अंश ही खालची मर्यादा धरा आणि त्यावरून महिना निवडा.

| महिना | समुद्राचे पाणी | दुपारची हवा | पाऊस | वारा |
|---|---|---|---|---|
| मे | १९-२० | २३-२४ | एखादी सर | बदलता, मधूनच दक्षिणेचा |
| जून | २२-२३ | २७ | जवळपास नाही | मध्यम |
| जुलै | २५ | २९ | नाही | उत्तरेचा, जोरदार |
| ऑगस्ट | २६ | २९ | नाही | उत्तरेचा, जोरदार |
| सप्टेंबर | २५ | २७ | अखेरीस तुरळक | हळूहळू कमी |
| ऑक्टोबर | २३ | २४ | थोड्या पण जोरदार सरी | बदलता |

हे आकडे उत्तर किनाऱ्यावरच्या हेराक्लिऑनचे आणि ढोबळ सरासरीचे आहेत. दक्षिण किनारा दुपारी बहुधा आणखी दोन-तीन अंशांनी तापतो.

मे: डोंगरांचा महिना

सामारियाची १६ किलोमीटरची घळ साधारण १ मेला उघडते आणि ऑक्टोबरअखेर बंद होते. ती चालायला मेसारखा महिना नाही. टेकड्या हिरव्या असतात, लेफ्का ओरी डोंगररांगेच्या माथ्यांवर अजून बर्फ दिसतो आणि क्नोसॉसच्या प्राचीन राजवाड्याच्या अवशेषांत सावली शोधत फिरावे लागत नाही. वसंतात कधीकधी दक्षिणेचा वारा सहाराची धूळ घेऊन येतो. तेव्हा आकाश पिवळट होते आणि दम्याच्या रुग्णांना एक-दोन दिवस घरात बसावे लागते. तरीही मेमध्येच समुद्र हवा असेल तर एलाफोनिसीचा किनारा गाठा. तिथला उथळ पाण्याचा भाग उन्हाने लवकर तापतो आणि छोटी मुले त्यात खेळू शकतात. बाकी ठिकाणी हॉटेलचा पूल गरम पाण्याचा आहे का, हे बुकिंगआधी लेखी विचारून घ्या.

जूनचा पहिला पंधरवडा: शाळेच्या वेळापत्रकाला बांधलेल्यांसाठी

महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्याला सुरू होतात, विदर्भात त्याहून उशिरा. त्यामुळे १ ते १२ जून हा तुकडा हाती राहतो आणि तो उत्तम आहे. पाणी २२ ला पोचलेले असते, सूर्य साडेआठच्या पुढे मावळतो, पावसाची धास्ती नसते आणि उत्तरेचा वारा अजून पूर्ण जोरात नसतो. दरही ऐन हंगामाहून खाली असतात. एकच पथ्य: पोहायचे ते दुपारी बारा ते पाच या वेळात. सकाळी नऊला पाणी बोचते. मेची पूर्ण सुट्टी हाताशी असेल तर आधी घरची लग्नकार्ये उरका आणि विमान ३० मे नंतरचे घ्या. या दोन आठवड्यांच्या फरकाने पोहण्याची मजा पालटते.

जुलै-ऑगस्ट: पाणी उबदार, पण वाऱ्याचे काय?

या दोन महिन्यांत गर्दी आणि दर हे उघड तोटे आहेत. १५ ऑगस्टला ग्रीकांचा पानायियाचा (मदर मेरीचा) मोठा सण असतो, त्याच्या मागेपुढे सगळा ग्रीस सुट्टीवर असतो आणि खोल्या सर्वांत महाग होतात. सकाळी दहानंतर एलाफोनिसीला गाडी लावायला जागा मिळणे कठीण. पण त्याहून मोठा प्रश्न मेल्टेमी या वाऱ्याचा. बाल्कनवरचा जास्त दाब आणि तुर्कस्तानवरचा कमी दाब यांच्यामुळे हा कोरडा उत्तरवारा एजियन समुद्रावरून खाली येतो. तो कमी दाबाचा पट्टा आपल्या मान्सूनच्या काळात भारतीय उपखंडापासून पश्चिमेकडे पसरलेला असतो, म्हणजे आपल्याकडचा पावसाळा आणि क्रीटचा वारा एकाच मोठ्या यंत्रणेचे भाग आहेत. मेल्टेमी सुरू झाला की सलग तीन ते पाच दिवस, कधी आठवडाभरही वाहतो. दुपारी त्याचा जोर सर्वाधिक असतो.

उत्तर किनाऱ्यावर, म्हणजे जॉर्जिओपोली, रेथिम्नो, मालिया या पट्ट्यात, तो सरळ किनाऱ्यावर लाटा आणतो. लांबलचक वाळूचे किनारे सुरक्षित वाटतात, पण लाटांचे परतीचे पाणी ठरावीक जागी एकवटून आत ओढते. लाल बावटा असेल तर घोटाभर पाण्याच्या पुढे जाऊ नये. पिवळा असेल तर मुलांचा हात सोडू नये.

यावर ठरलेला सल्ला मिळतो, “मग दक्षिणेला जा, तिथे डोंगरांचा आडोसा आहे.” हा सल्ला अर्धाच खरा आहे. दक्षिणेला लाटा नसतात हे खरे, पण वारा डोंगर ओलांडून घळींतून झोताने उतरतो. प्लाकियास आणि प्रेवेली त्यासाठी प्रसिद्ध आहेत. छत्र्या मिटलेल्या, पोटऱ्यांवर सुया टोचल्यासारखी वाळू, आणि समुद्र मात्र तळ्यासारखा सपाट. हा सपाटपणाच फसवा असतो. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असतो, त्यामुळे हवा भरलेली गादी किंवा रिंग मुलासकट काही मिनिटांत खोल पाण्यात जाते, आणि वाऱ्याविरुद्ध हात मारत परतणे मोठ्यांनाही जमत नाही. पाण्यावर किनाऱ्याकडून आत धावणारे गडद, सुरकुतलेले चट्टे दिसू लागले की गादी लगेच बाहेर काढा. असे चट्टे म्हणजे झोत पाण्याला टेकल्याची खूण.

ऑगस्टशिवाय पर्याय नसेल तर राहायचे ठिकाण एकाच किनाऱ्याला बांधू नका. हानिया किंवा रेथिम्नोजवळ मुक्काम आणि हाताशी गाडी असली की वाऱ्याचा अंदाज पाहून आदल्या रात्री किनारा ठरवता येतो. अंदाजात ५ ब्यूफोर्टच्या (वाऱ्याच्या जोराचे माप) वर आकडा दिसला तर उत्तरेच्या उघड्या किनाऱ्यावर सकाळी अकराच्या आत पोहून घ्या. किसामोसहून बालोसच्या किनाऱ्यावर जाणारी बोट अशा दिवशी रद्द होऊ शकते, म्हणून ती सहल शेवटच्या दिवसावर ठेवू नका. रस्त्याने जायचे तर शेवटचे आठ किलोमीटर कच्चे आहेत, आणि भाड्याच्या गाडीचा विमा तिथे बहुधा लागू होत नाही. सँटोरिनीहून कॅटामरानने यायचे असेल तर त्या वेगवान बोटी मोठ्या फेरीबोटींच्या आधी थांबवल्या जातात, हेही ध्यानात घ्या.

वारा पडला तर? मग उकाडा. पारा ३८-४० ला भिडतो, सामारिया बंद ठेवतात आणि वणव्यांचा धोका असतो. जुलै २०२५ मध्ये इएरापेत्राजवळच्या वणव्यामुळे पर्यटकांना हॉटेलांतून हलवावे लागले होते.

सप्टेंबरचा उत्तरार्ध ते १० ऑक्टोबर

तारखा मोकळ्या असतील तर हाच काळ घ्या, दुसरा विचार नको. पाणी २४-२५, जूनपेक्षा दोन-तीन अंशांनी जास्त, त्यामुळे सकाळी साडेआठलाही पोहता येते. युरोपातल्या शाळा उघडलेल्या असतात, मेल्टेमी ओसरत असतो, सगळ्या खानावळी आणि बोटी चालू असतात. शाकाहारींची सोयही या दिवसांत चांगली होते. टोमॅटो-ढोबळी मिरचीत भात भरलेला गेमिस्ता, वांगी-बटाट्याचा ब्रियाम हे उन्हाळी भाज्यांचे पदार्थ ताव्हेर्नांत (ग्रीक खानावळींत) रोज शिजतात. गेमिस्तात खिमा नाही ना, एवढे विचारावे.

उणिवा दोन. दिवस लहान होतो, ऑक्टोबरच्या सुरुवातीला सातच्या सुमारास सूर्य मावळतो. आणि जीवरक्षक मुख्यतः जून ते सप्टेंबर असतात, नंतर स्वतःच सावध राहावे लागते. १० ऑक्टोबरनंतर पावसाची शक्यता वाढत जाते. पाऊस आला तर रिपरिप नसते, गडगडाटी सर येते आणि बहुधा दुसऱ्या दिवशी स्वच्छ ऊन पडते.

आपल्या पंचांगाशी सांगड घालायची तर २०२६ मध्ये अनंत चतुर्दशी २५ सप्टेंबरला आहे. विसर्जन आटोपून निघाले की नेमका हा पंधरवडा मिळतो. दिवाळीच्या सुट्टीचे मात्र जमत नाही. लक्ष्मीपूजन २०२६ मध्ये ८ नोव्हेंबरला, २०२७ मध्ये २९ ऑक्टोबरला. ऑक्टोबरअखेर युरोपातली थेट हंगामी विमाने थांबतात, त्याबरोबर किनाऱ्यावरची बहुतेक हॉटेले कुलूप लावतात आणि दक्षिणेकडच्या बसफेऱ्या कमी होतात. दिवाळीत क्रीट म्हणजे हानियाच्या गल्ल्या आणि संग्रहालये. पोहायचे असेल तर दिवाळीसाठी दुसरा देश निवडा.

हे गणित ग्रीसच्याच कोर्फू बेटाला जसेच्या तसे लावू नये. ते बेट ग्रीसच्या सर्वांत पावसाळी भागात येते आणि ऑक्टोबरमध्ये तिथे भरपूर पाऊस पडतो. तिथली शेवटची तारीख २० सप्टेंबर धरा.

व्हिसा आणि तारखा

ग्रीससाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. शुल्क मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५, त्याखालच्यांना काही नाही. सेवा केंद्राचे पैसे वेगळे. जूनसाठी जानेवारी-फेब्रुवारीतच अपॉइंटमेंट घ्या, कारण उन्हाळी सुट्टीच्या अर्जांची गर्दी मार्चपासून वाढते. सप्टेंबरअखेरसाठी जूनमध्ये अर्ज केला तरी पुरते. हॉटेलचा खर्च काढताना एप्रिल ते ऑक्टोबरचा जादा हवामान-कर धरा. २०२५ च्या दराने चारतारांकितला खोलीमागे रात्रीला १० युरो, पंचतारांकितला १५, आणि तो बहुधा काउंटरवर वेगळा मागतात. गाडी घ्यायची तर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना इथूनच काढून न्या.

मुंबईहून दोहा, दुबई किंवा इस्तंबूलमार्गे अथेन्स आणि तिथून तासाभरात हानिया किंवा हेराक्लिऑन, हा नेहमीचा मार्ग. परतीच्या मोठ्या विमानाच्या आदल्या दिवशीच अथेन्सला पोचून मुक्काम करा. पिरेयसला, म्हणजे अथेन्सच्या बंदरात, येणारी रात्रीची फेरीबोट पकडणार असाल तर मध्ये आणखी एक दिवस मोकळा ठेवा, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये.