दिवाळीची खरेदी: साताऱ्याचा बाजार की पुण्याचा मॉल?

आमच्या चुलत वहिनी जूनमध्ये कोरेगावहून साताऱ्याला शाहूपुरीत राहायला आल्या आणि तेव्हापासून त्यांच्या घरात एकच विषय चाललाय, यंदा दिवाळीची खरेदी कुठं करायची. दादाला एकच रविवार मोकळा मिळतोय. पोरांना मॉल पाहिजे, काकूंचे गुडघे दुखतात, आणि वहिनींचं म्हणणं असं की खरेदी पण झाली पाहिजे, सगळ्यांचं फिरणं पण झालं पाहिजे आणि महिन्याचं गणित पण कोलमडायला नको. मी दोन्हीकडं वर्षानुवर्षं खरेदी केलीय म्हणून त्यांनी मला विचारलं. त्यांना जे सांगितलं तेच लिहितेय, कारण साताऱ्यातल्या लय घरात दरवर्षी हाच प्रश्न पडतो.

पुण्यासारखा मोठा मॉल आपल्याकडं नाही, पण पोवई नाक्यावरून राजपथाने चालत राजवाड्यापर्यंत गेलं की वाटेत मोती चौक, खण आळी, आजूबाजूच्या पेठा, सोनारांची दुकानं, भांडी, चपला, पूजेचं सामान सगळं येतं. एकाच छपराखाली नाही एवढंच. त्यामुळे तुलना करायची तर पूर्ण बाजाराची पूर्ण मॉलशी करायला पाहिजे, एका दुकानाची मॉलशी नाही.

कपड्यांपासून सुरू करते कारण दिवाळीत खरा पैसा तिथंच जातो. साडी, खण, ड्रेस मटेरियल, घरातल्या मोठ्या बायकांचं काहीही घ्यायचं असेल तर पुण्याला जायचा विचारच करू नका. खण आळीत दुकानदार गादीवर बसवतो, पाणी विचारतो, पंधरा-वीस साड्या उलगडून दाखवतो आणि ओळखीचा असेल तर दोन साड्या घरी दाखवायला पण देतो, सासूबाईंना नाही आवडली तर उद्या आणून द्या म्हणतो. ही सोय कुठल्याच मॉलमध्ये नाही. शिवाय साडी घेतली की काम संपत नाही ना, ब्लाऊजपीस मॅच करायचा, अस्तर घ्यायचं, फॉल-पिको करायला टाकायचं, टेलरकडं माप द्यायचं, आणि हे सगळं इथं चालत पाच-दहा मिनिटांत होतं. बस्ता बांधायचा असेल तर विचारायलाच नको, वीस माणसं घेऊन मॉलमध्ये कोण बस्ता बांधतं.

आता दुसरी बाजू. पोरांच्या जीन्स, स्पोर्ट्स शूज, चौदा-पंधरा वर्षांच्या पोराला जे ब्रँड पाहिजे असतात ते, यात मॉल पुढं आहे हे मान्य करायला पाहिजे. एका ब्रँडच्या दुकानात सगळे साइज असतात, ट्रायल रूम मोठी आणि स्वच्छ असते, पोरगं स्वतः फिरून निवडतं, कोणी मागं लागत नाही. साताऱ्यात पण ब्रँडची शोरूम आहेत पण एखादा साइज नसला की "दोन दिवसांत मागवून देतो" हे ऐकावं लागतं. फक्त एक लक्षात ठेवा, मॉलमधले मोठे सिझन सेल साधारण जून-जुलैमध्ये आणि डिसेंबर-जानेवारीत लागतात. दिवाळीच्या तोंडावर नवीन माल बहुतेक पूर्ण किमतीला असतो, वर बँकेच्या कार्डाची थोडीफार ऑफर. म्हणजे सगळ्यात जास्त गर्दीच्या दिवसांत आपण सगळ्यात जास्त किंमत देऊन येतो. ब्रँडचंच पाहिजे असेल तर जानेवारीत जा.

टॅक्सबद्दल पण गैरसमज असतो की मॉलमध्ये टॅक्स जास्त लागतो. तसं काही नाही, जीएसटी दोन्हीकडं सारखाच. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्यांना नग २५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्याच्या वर १८ टक्के आहे, म्हणजे टॅक्स लावायच्या आधी २४०० चा ड्रेस आणि २७०० चा ड्रेस असेल तर टॅक्स धरून त्यातला फरक तीनशेपेक्षा मोठा होतो. आणि टॅगवर एमआरपी असेल तर टॅक्स त्याच्या आतच धरलेला असतो, वर लावता येत नाही, मग दुकान खण आळीतलं असो नाहीतर काचेचं.

बदलून घेण्याचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि कोणी त्याचा आधी विचार करत नाही. दोन वर्षांमागं मी पुण्यातल्या एका मॉलमधून भाच्याला बूट आणले, घरी आल्यावर एका बुटाचं सोल सुटत होतं. फोन केला तर म्हणाले बिल घेऊन दुकानात या. शंभर किलोमीटर लांब एका बुटासाठी कोण जाणार, गेले नाही, पैसे पाण्यात. हेच बूट इथं घेतले असते तर संध्याकाळी ऑफिसमधून येताना बदलून आणले असते. आपल्याकडं पण काही दुकानांत "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" अशी पाटी असते, पण माल खराब निघाला तर त्या पाटीला अर्थ नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार खराब माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. त्यासाठी बिल पाहिजे. ओळखीचं दुकान आहे म्हणून बिल न घेता येऊ नका, मी सगळ्या बायकांना हे सांगत असते.

जाण्या-येण्याचा खर्च आता. सातारा ते पुणे ११० किलोमीटरच्या आसपास, पण मॉल कुठला यावर सगळं आहे. विमाननगरचा फिनिक्स नगर रोडला, म्हणजे आपल्याला अख्खं पुणं ओलांडून जायचं. त्यापेक्षा वाकडचा फिनिक्स, जो २०२३ मध्ये सुरू झाला, अंतराने लांब असला तरी नवले पुलावरून सरळ बायपासने वारजे, चांदणी चौक करत जाता येतं, शहरात शिरावं लागत नाही. वाकडला जाऊन-येऊन अडीचशे किलोमीटर धरा, गाडीला पंधराचं अॅव्हरेज असेल तर साडेसोळा लिटर पेट्रोल, सतराशेच्या पुढं गेलंच. त्यात आनेवाडी आणि खेड शिवापूर हे दोन टोल जाताना आणि तेच दोन येताना. फास्टॅगचा वार्षिक पास काढला असेल तर टोलचं ओझं वाटत नाही, पण पासावर मिळणाऱ्या २०० टोल-फेऱ्यांतल्या चार एका दिवसात जातात. जाताना खंबाटकीचा बोगदा पटकन पार होतो, येताना मात्र घाट चढावा लागला आणि रविवारी रात्री तिथं ट्रकच्या मागं अडकलं की पोरं मागच्या सीटवर झोपून जातात आणि आपलं डोकं दुखायला लागतं. हे सगळं धरून मगच मॉलमधली सूट मोजा.

गाडी नसेल तर एक चांगला रस्ता सांगते जो लय जणांना माहीत नाही. एसटीने स्वारगेटला जा, बायकांना तिकिटात ५० टक्के सवलत आहे आणि ७५ वर्षांवरच्यांना प्रवास फुकट. स्वारगेटला भुयारी मेट्रो २०२४ च्या सप्टेंबरपासून सुरू आहे, ती पकडून जिल्हा न्यायालय स्टेशनला उतरायचं, तिथं दुसरी लाइन बदलायची आणि रामवाडीला उतरायचं. तिथून विमाननगरचा फिनिक्स रिक्षाने जवळ आहे. पोरांना तर मेट्रोचीच मजा जास्त वाटते. फक्त येताना चार-पाच मोठ्या पिशव्या हातात असतील तर हे जमत नाही, म्हणून हा रस्ता फिरायला जाण्यासाठी ठीक, खरेदीसाठी नाही.

खाण्यात माझा कौल सरळ साताऱ्याला. फूड कोर्टात चार जणांचं साधं जेवण केलं तरी बिल बघून पोट भरतं, सुट्टीच्या दिवशी टेबल मिळवायला कोणाच्यातरी डोक्यावर उभं राहावं लागतं, आणि बाहेरचा डबा आत चालत नाही. इथं सकाळी मिसळ, खरेदी करता करता मोती चौकात काहीतरी तोंडात टाकायचं, संध्याकाळी राजवाड्यापाशी भेळ-पावभाजी, आणि घरी जाताना पाव किलो कंदी पेढे, सगळ्यांचं मिळून जेवढं होतं तेवढ्यात तिकडं दोघांचं भागत नाही. मॉलमध्ये चव वाईट असते असं मी म्हणत नाही, पोरांना पिझ्झा-बर्गर आवडतो आणि वेगवेगळं एका टेबलवर मिळतं ही सोय आहेच.

विरंगुळ्याचं मात्र मी थांबून विचार करायला सांगेन. मॉलमध्ये गेम झोन आहे, मोठा मल्टिप्लेक्स आहे, पाऊस असो ऊन असो एसीत फिरता येतं, बारकी पोरं हरवायची भीती कमी. आणि स्वच्छतागृह आणि लिफ्ट. या दोन गोष्टींसाठी मी मॉलला पूर्ण मार्क देते. आपल्या राजपथावर खरेदीला आलेल्या बाईला तीन तासांनी स्वच्छतागृह कुठं शोधायचं हा प्रश्न पडतो, दुकानात ओळख असेल तर विचारायचं नाहीतर घर गाठायचं. माझी आई याच कारणासाठी बाजारात जाताना पाणी पीत नाही. काकूंसारख्या गुडघे दुखणाऱ्या बाईला बसायला बाकडं नाही, फुटपाथवर गाड्या आणि माल, चालायचं कुठून. पार्किंगचं तर बोलायलाच नको, २०२१ मध्ये पोवई नाक्याखालून ग्रेड सेपरेटर सुरू झाल्यावर नाका ओलांडणं सोपं झालं पण राजवाड्याकडं दिवाळीत चारचाकी नेणं म्हणजे अजूनही तास घालवणं. एवढा जुना, एवढा चांगला बाजार आहे, त्यात बायकांसाठी दोन-तीन नीट स्वच्छतागृहं आणि बसायला जागा केली तर निम्मी माणसं पुण्याला जाणार नाहीत, हे मी मनापासून सांगते.

पण विरंगुळा म्हणजे फक्त एसी नाही ना. खरेदी झाल्यावर गोलबागेत बसायचं, समोरचा जुना राजवाडा पोरांना दाखवायचा. त्याच राजवाड्यात तेव्हा भरणाऱ्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० ला भीमराव आंबेडकर पहिलीत दाखल झाले. माझ्या भाच्याला हे कळल्यावर तो राजवाड्याकडं तोंड उघडून बघत राहिला. एसटी स्टँडजवळ छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालय आहे, लंडनहून आलेली वाघनखं २०२४ च्या जुलैपासून काही महिने तिथंच होती. गाडीने अजिंक्यताऱ्यावर नाहीतर चार भिंतीवर जायचं, खाली दिवे लागलेलं सातारा बघायचं. या देखाव्याला तिकीट नाही.

म्हणून वहिनींना मी सांगितलं की एका रविवारात दोन्ही कोंबू नका. साड्या, काकूंचं लुगडं, पोरांचे घालायचे साधे कपडे, दिवे-रांगोळी सगळं इथंच घ्या, आणि रविवारी नाही, मधल्या वारी दुपारी चारच्या आत जा, गर्दी कमी असते. काकूंना रिक्षाने थेट दुकानाच्या दारात उतरवा आणि एकाच दुकानात बसवून साड्या बघा, चालवू नका. पुणं जानेवारीत, सेल लागल्यावर, फक्त पोरांना घेऊन, पिक्चर धरून. तुमच्या घरात म्हातारं माणूस नाही, पोरं मोठी आहेत आणि ब्रँडचे कपडेच घ्यायचेत तर मात्र उलटं करा, सकाळी सातला निघा, अकराला मॉल उघडताना आत शिरा आणि चारला परत फिरा म्हणजे घाटात उजेड असतो.

आणि काहीही ठरवा पण ब्लाऊज आधी टाका. दिवाळीला पंधरा-वीस दिवस राहिले की चांगले टेलर नवीन कापड हातात घेत नाहीत. वहिनींचा काल फोन आला, चार ब्लाऊजपीस टाकून आल्या, काकूंना गादीवर बसवून सहा नऊवारी उलगडून घेतल्या आणि काकूंनी स्वतःच्या हाताने हिरवी उचलली.