टेम्परिंगची पिट फर्नेस: पंखा उत्तम, कंट्रोलर भोळा

आधी निकाल सांगते: भट्टी चांगली आहे, पण जशी आली तशी वापरू नका. विजेवरची, उभी, खड्ड्यात बसवायची, आत हवा फिरवणारा पंखा, कमाल तापमान 700 अंश सेल्सिअस. आमच्याकडे तिच्यावर बेअरिंगच्या स्टीलपासून डायपर्यंत (साच्यांपर्यंत) सगळं टेम्पर होतं, म्हणजे कडक केलेलं स्टील पुन्हा बेताने तापवून त्याचा ठिसूळपणा कमी केला जातो, आणि शिफ्टचा रिपोर्ट माझ्या सहीने जातो, म्हणून माझ्या तक्रारी जरा बारीक आहेत.

हिची खरी किंमत पंख्यात आणि बॅफलमध्ये, म्हणजे तापणारी कॉइल आणि जॉब यांच्यामधल्या आडपडद्यात, आहे. हार्डनिंगच्या (स्टील तापवून तेलात बुडवून कडक करण्याच्या) 840 अंशांना नुसती धगच जॉब, म्हणजे भट्टीत घातलेला भाग, तापवते. टेम्परिंगच्या 180 अंशांना धगीचं काही चालत नाही, उष्णता हवेनेच पोचवावी लागते. पंखा नसलेल्या भट्टीत कॉइलजवळचे जॉब जास्त तापतात आणि बास्केटच्या पोटातले मागे राहतात. इथे बॅफलमुळे कॉइल जॉबला दिसतच नाही. हवा बाहेरच्या पोकळीतून कॉइलवरून खाली जाते आणि बास्केटमधून वर येते. नऊ थर्मोकपल (तापमान मोजणारे सेन्सर) लावून सर्व्हे घेतला तेव्हा सगळे पॉइंट अधिक-उणे 6 अंशांत होते, म्हणजे भट्टीच्या तापमानाच्या एएमएस 2750 या मानकाचा क्लास 2. क्लास 5 चे 14 अंश मला पुरले नसते. एच 13 सारख्या डायच्या स्टीलचा कडकपणा 550 ते 600 च्या पट्ट्यात झपाट्याने उतरतो. तिथे पंधरा अंशांचा फरक पडला तर एचआरसीचे (रॉकवेल यंत्रावर मोजलेल्या कडकपणाचे) एक-दोन पॉइंट सहज जातात.

आता कंट्रोलर. भट्टीच्या हवेने सेट पॉइंट गाठला की हा सोकचा (त्या तापमानाला धरून ठेवण्याच्या वेळेचा) टायमर सुरू करतो. हवा तापली म्हणजे जॉब तापला, असा त्याचा भाबडा समज! ईएन 24 या निकेल-क्रोम-मॉलिब्डेनम स्टीलचे जाड शाफ्ट दाटीने भरले की मधला शाफ्ट स्क्रीनवरच्या आकड्याच्या कितीतरी मागे असतो. 25 मिलिमीटर जाडीला एक तास आणि कमीत कमी दोन तास, हा आमचा हिशोब जॉब तापल्यापासून मोजायचा असतो. झाकणात लोड थर्मोकपलसाठी भोक दिलंय, पण त्याचा टायमरशी काही संबंध नाही. आम्ही वायरिंग बदलून तो संबंध जोडून घेतला. खरं तर हे बनवणाऱ्यानेच करून द्यायला हवं होतं.

सिरॅमिक फायबरचं इन्सुलेशन इतकं पक्कं आहे की वीज वाचते, पण 600 अंशांची बॅच काढल्यावर भट्टी 180 वर यायला फार वेळ लावते. कागदावर ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. पण तेलातून निघालेलं ईएन 31, म्हणजे बेअरिंगचं स्टील, साधारण 64 एचआरसीचं आणि आतून ताणलेलं असतं. हात लावता येईल इतकं निवलं की त्याला लगेच टेम्परिंगला न्यावं लागतं. रात्रभर ठेवलं तर सकाळी तडा सापडू शकतो. म्हणून कमी तापमानाच्या बॅच आधी आणि जास्त तापमानाच्या नंतर, हा क्रम आम्ही मोडत नाही. ज्यांच्याकडे दोन्ही प्रकारचं काम रोज मिसळून येतं त्यांनी एक मोठी भट्टी घेण्यापेक्षा दोन लहान घ्याव्यात.

सावकाश निवण्याचा आणखी एक तोटा आहे. निकेल-क्रोमच्या, मॉलिब्डेनम नसलेल्या स्टीलचे जॉब 600 वरून भट्टीतच निवू दिले तर 575 ते 375 च्या दरम्यान ते ठिसूळ होतात. ईएन 24 मध्ये मॉलिब्डेनम असल्याने धोका कमी. तरी आम्ही बास्केट बाहेरच काढतो, आणि इथे झाकण उचलायची रचना सोयीची आहे, बास्केटचे हूक मात्र तकलादू. रॉकवेलवर हा ठिसूळपणा दिसत नाही, हातोड्याच्या फटक्याने नमुना मोडणाऱ्या चार्पी टेस्टलाच कळतो. मधली हार्डनेस मागत 300 अंशांचं टेम्परिंग लिहून पाठवणाऱ्या ग्राहकांनाही मी हेच ऐकवते. ठिसूळपणाचा तो आणखी एक पट्टा आहे. भट्टी बिचारी सांगाल तेवढे अंश अचूक देते, तापमान निवडणं तिचं काम नाही.

धुराबद्दल थोडक्यात: जॉब नीट धुऊन घाला. क्वेंचिंगचं तेल राहिलं तर धूर होतो, आणि बंद भट्टीत तो पेटूही शकतो. धुराड्याची सोय सोबत येत नाही.

घेणार असाल तर ऑर्डरमध्ये एक ओळ वाढवा. पंखा थांबला की हीटर बंद व्हावेत असा इंटरलॉक आहे, पण तो मोटरच्या कॉन्टॅक्टरवर (मोटरला वीज जोडणाऱ्या स्विचवर) घेतलाय. पंखा बेल्टवर चालतो. बेल्ट तुटला तरी मोटर फिरतच राहते, इंटरलॉक खूश, आणि आतली हवा जागच्या जागी. हवेच्या दाबावर किंवा पंख्याच्या शाफ्टच्या फिरण्यावर चालणारा स्विच मागून घ्या, आणि भट्टी ताब्यात घेताना बेल्ट काढून हीटर खरंच बंद होतात का ते बघा.