तुंबडीने ‘पू’ काढून देणाऱ्यांपासून सावध राहा

माझ्या मामांच्या डाव्या पायाची दोन बोटे कापावी लागली. त्यांना बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे आणि चपलेचा पट्टा घासून झालेली जखम चिघळली होती. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की, नियमित ड्रेसिंग चालू राहिले असते तर बोटे वाचण्याची बरीच शक्यता होती. मधला काळ उपचारांविना गेला, तोच नडला. तो काळ त्यांच्याकडून कोणी आणि कोणत्या पद्धतीने हिरावून घेतला, हे मी सविस्तर लिहीत आहे, कारण हीच माणसे आज दुसऱ्या एखाद्या रुग्णालयाच्या आवारात दुसऱ्या कोणाच्या तरी मामांशेजारी बसलेली असतील.

मामा ड्रेसिंगसाठी रांगेत बसले असताना शेजारी बसलेल्या एका गृहस्थांनी आपणहून चौकशी केली. त्यांच्या हातात तपासण्यांची फाइल होती आणि बोलणे अत्यंत अदबीचे होते. बराच वेळ त्यांनी औषधाचा विषयसुद्धा काढला नाही. साखर किती असते, मुले कुठे असतात, घरी कोण करते, एवढेच विचारत राहिले. नंतर सहज आठवल्यासारखे म्हणाले, “काका, माझ्या वडिलांचा पाय गुडघ्यापासून काढायचा म्हणाले होते. आज ते पायी वारीला जातात.” मामींनी खोदून विचारले तेव्हा कुठे, ते वैद्य कोणाकडे फारसे जात नाहीत असे सांगत, त्यांनी दूरध्वनी क्रमांक दिला. समोरच्या बाकावरील एका बाईंनीही त्या वैद्यांचा गुण आल्याचे सांगितले. पैशांचा उल्लेख कोणीच केला नाही, आणि मामामामींचा विश्वास बसला तो नेमका यामुळेच. मुले कुठे असतात हा प्रश्न किती मोलाचा होता, हे आता लक्षात येते. दिवसा घरी दोन वृद्धांशिवाय कोणी नसते, ही माहिती त्यांनी पहिल्याच भेटीत मिळवली होती.

घरी आलेल्या वैद्याने सुरुवात खोट्याने केली नाही, आणि हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हळद जखम भरते, मध जखम स्वच्छ ठेवतो, दगडी पाला रक्त थांबवतो, असे तो म्हणाला आणि यातले काहीच आपल्याला परके नाही. शेतात विळा लागला की एकदांडीचा, म्हणजे त्याच दगडी पाल्याचा, रस पिळणारी पिढी आपल्या घरात अजून आहे. हळदीने जखम भरण्याच्या उपयोगावर 1995 मध्ये अमेरिकेत पेटंट दिले गेले, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुन्या ग्रंथांचे पुरावे देऊन त्याला आव्हान दिले आणि 1997 मध्ये ते रद्द झाले. ही हकीगतही त्याने मामांना अभिमानाने ऐकवली. मात्र तो लढा हे ज्ञान नवे नाही एवढे सिद्ध करण्यासाठी होता; कुजू लागलेला पाय हळदीने बरा होतो असे त्यात कोणी म्हटलेले नव्हते.

मधाचेही तसेच आहे. घट्टपणा, आम्लता आणि त्यात तयार होणारे हायड्रोजन पेरॉक्साइड यांमुळे मधात जंतू सहसा वाढत नाहीत आणि वरवरच्या भाजण्यावर त्याचा उपयोग अभ्यासांतून दिसला आहे. पण रुग्णालयात वापरला जाणारा मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो, तर साध्या मधात बोटुलिझम या गंभीर विषबाधेच्या जंतूंचे सुप्त बीजाणू असू शकतात. शिवाय बाजारातला मध मधच असेल याचीही खात्री देता येत नाही. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने डिसेंबर 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या तपासणीत 13 पैकी 10 ब्रँडच्या मधात साखरेच्या पाकाची भेसळ आढळली होती. ओरखड्यावर लावायचा घरगुती उपाय आणि मधुमेही माणसाच्या पायात खोलवर गेलेला संसर्ग यांतले अंतर त्या वैद्याला चांगले ठाऊक असणार. त्याने ते मामांच्या नजरेआड केले.

यानंतर तुंबडी, म्हणजे तोंडाने ओढून शरीरातले रक्त काढण्याची पितळेची एक निमुळती नळी, बाहेर आली. मामांच्या पोटरीवर ब्लेडने बारीक छेद देऊन, नळी टेकवून, तो तोंडाने ओढू लागला आणि प्रत्येक वेळी वाटीत पिवळा, दाट पदार्थ टाकू लागला. दर आधीच ठरला होता: एका तुंबडीचे दीड हजार रुपये, आणि “जेवढा पू निघेल तेवढेच पैसे द्या.” मामांना वाटले, चारपाच वेळा ओढावे लागेल. तुंबड्यांची संख्या चाळीसच्या पुढे गेली. मध्येच थांबवायला सांगितले, तेव्हा निम्मे विष आत राहिले तर ते हृदयापर्यंत चढेल, अशी भीती घालण्यात आली. हिशेब साठ हजारांच्या वर गेला. घरात तेवढी रक्कम नव्हती म्हणून त्याचा साथीदार मामांना दुचाकीवर बसवून बँकेत घेऊन गेला.

मामींनी त्या वाटीचे छायाचित्र काढून ठेवले होते. पदार्थ पिवळाधमक आहे, त्यात रक्ताचा अंश नाही, आणि मामी म्हणतात की त्याला वासही नव्हता. त्याच पायाचा खरा पू पुढे रुग्णालयात निघाला, तेव्हा त्या खोलीत उभे राहणे कठीण झाले होते. जखम पावलात होती आणि नळी पोटरीवर लावली होती, एवढी एकच गोष्ट हा बनाव उघडा पाडायला पुरेशी आहे. शल्यचिकित्सकांनी आम्हाला समजावले की, अशा पायात पू स्नायूंच्या आणि स्नायुबंधांच्या खोल थरांत साठतो आणि तो शस्त्रक्रियागृहात चीर देऊनच काढावा लागतो. कातडीवरच्या छेदातून तोंडाने ओढून तो निघत नाही. सुश्रुतसंहितेत तुंबडी, शिंग आणि जळवा यांचा उल्लेख अवश्य आहे, पण तो रक्तमोक्षणासाठी, म्हणजे दूषित रक्त काढण्यासाठी. व्रणावर, म्हणजे जखमेवर, साठ उपक्रम सांगणाऱ्या त्याच ग्रंथात मधुमेही माणसाचे व्रण कष्टाने बरे होतात, असेही म्हटले आहे. ज्या परंपरेच्या नावाने हमी दिली जात होती, त्या परंपरेने स्वतः अशी हमी कधी दिलेली नाही.

लुबाडणुकीचा दुसरा टप्पा औषधाच्या दुकानात पार पडला. वैद्याने चिठ्ठीवर भस्मांची नावे लिहिली आणि ठरावीक दुकानाचाच पत्ता दिला. दुकानदाराने दर सांगितला तो एका ग्रॅमचा, आणि मामा तो पूर्ण पुडीचा समजले. सगळे जिन्नस खलात एकत्र करून झाल्यावर एकूण आकडा सांगितला गेला. मिसळलेले औषध परत घेता येत नाही, असे म्हणून आणखी पन्नास हजारांच्या आसपास रक्कम वसूल केली. बिल मागितल्यावर कोऱ्या कागदावर आकडा लिहून मिळाला. पुडीवर कसलेही लेबल नव्हते. परवानाधारक आयुर्वेदिक औषधावर उत्पादकाचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि घटकांची नावे छापलेली असणे कायद्याने आवश्यक आहे. ज्या पुडीवर यातले काहीच नाही, तिच्यात काय आहे हे देणाऱ्याखेरीज कोणालाच ठाऊक नसते.

पैसे गेल्याचे दुःख आहेच, पण मला खरा संताप आहे तो त्याने घातलेल्या पथ्यांचा. जखमेवर काळसर लेप थापून, आपण सांगेपर्यंत पट्टी उघडायची नाही, असे बजावले. इंग्रजी औषध चालू राहिले तर भस्म उलटेल, असे सांगून इन्सुलिन बंद करायला लावले. मुलांना कळले तर ती मोडता घालतील, तेव्हा गुण येईपर्यंत बोलू नका, हेही सांगितले. या तीन अटींमुळे जखम कोणाच्याही नजरेला पडली नाही, साखर वाढत गेली आणि आम्हाला कोणालाच पत्ता लागला नाही. मामा दूरध्वनीवर सांगत होते की पाय अजिबात दुखत नाही, आणि ते खरेही होते. दीर्घकाळच्या मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात, त्यामुळे आत हाडापर्यंत संसर्ग पोहोचला तरी वेदना जाणवतेच असे नाही. त्यांनी न दुखण्याला औषधाचा गुण मानले. थंडी वाजून ताप भरला आणि ते असंबद्ध बोलू लागले, तेव्हा मामींनी आम्हाला बोलावले. पट्टी उघडली तेव्हा दोन बोटे काळी पडली होती.

तक्रार आम्ही पोलीस ठाण्यात आणि अन्न व औषध प्रशासनाकडे, दोन्हीकडे दिली आहे. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम 318 आहे. 1954 च्या औषधे व जादूचे उपाय कायद्याच्या अनुसूचीत मधुमेह आणि गँगरीन (अवयव कुजणे) हे दोन्ही आजार आहेत, म्हणजे ते बरे करून देण्याची जाहिरात करणे हाच गुन्हा ठरतो. वैद्याचा क्रमांक अर्थातच बंद आहे. परंतु वाटीचे छायाचित्र, आकडा लिहिलेला कागद, बँकेतून रक्कम काढल्याची नोंद आणि उरलेली पूड मामींनी जपून ठेवल्यामुळे तक्रारीला आधार मिळाला. अशी पूड कोणाच्या घरी असेल तर रागाने फेकून देऊ नये. पैसे ऑनलाइन दिले असतील, तर 1930 या क्रमांकावर तत्काळ कळवावे. उशीर झाला तर रक्कम पुढच्या खात्यांत वळवली जाते.

आयुर्वेदावर माझा राग नाही. मामांचे ड्रेसिंग करणाऱ्या चमूत एक नोंदणीकृत वैद्य आहेत. ते जात्यादी तेल कोणत्या जखमेवर लावायचे आणि कोणत्या जखमेवर अजिबात लावायचे नाही, हे नीट सांगतात, महाराष्ट्र भारतीय वैद्यक परिषदेचा आपला नोंदणी क्रमांक कागदावर छापतात आणि इन्सुलिनला हात लावू देत नाहीत.

ज्यांच्या घरी या क्षणी कोणाच्या पायावर असा लेप थापलेला आहे, त्यांनी कोणाच्याही परवानगीची वाट न पाहता तो आजच काढून टाकावा. कातडी काळी किंवा निळसर झाली असेल, दुर्गंधी येत असेल, लाली वर सरकत असेल, ताप असेल किंवा साखर अचानक वाढली असेल, तर दुखत नसले तरी रात्रीच्या रात्री रुग्णालयात न्यावे, बंद केलेल्या औषधांची यादी सोबत न्यावी आणि काय लावले, काय पोटात घेतले, हे तेथील डॉक्टरांना काहीही न लपवता सांगावे.