सोळा मसाल्यांचा संच: वापरून झाला, तिरफळावरून भांडूनही झालं

संच कोणता ते ओळखलं असेलच. लाकडी स्टँड, काचेच्या सोळा बरण्या आणि ‘कोणता मसाला कशात’ हे सांगणारं जाड पुठ्ठ्याचं कार्ड. जाहिरात सगळ्यांनी पाहिली आहे, वर्णन करत बसत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर घेतला होता, आता घरात फराळाची तयारी चालू आहे. कंपनीशी चाललेलं भांडण गेल्या आठवड्यात मिटलं, म्हणून आता लिहितोय. मिटलं म्हणजे मी कंटाळलो.

भांडण तिरफळावरून. कोकणातल्या माणसाला सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी: तिरफळ म्हणजे माशाच्या कालवणात घालायचं वाळवलेलं छोटं फळ, आणि त्याचा सगळा वास सालीत असतो. फळ वाळून उकललं की आतली काळी कुळकुळीत बी काढून फेकायची. ती कितीही शिजवा, मऊ पडत नाही, दाताखाली करकरते आणि स्वादाच्या नावाने शून्य. आमच्याकडे मालवणहून पिशवी येते ती निवडलेलीच येते. ह्यांची बरणी बशीत ओतली तर सालीपेक्षा बियाच जास्त, वर देठांच्या काड्या. निवडून काट्यावर ठेवलं. बरणीवर २५ ग्रॅम छापलंय, साल भरली ११ ग्रॅम. उरलेल्या १४ ग्रॅमचे पैसे मी कचऱ्याच्या डब्यासाठी मोजले.

फोन केला. पलीकडची मुलगी बोलायला गोड. ‘सर, नॅचरल प्रॉडक्ट आहे, बी त्यात असतेच.’ म्हटलं, ‘ताई, आंब्यात कोयही असते, पण आमरसाच्या डब्यात भरून कोणी विकत नाही.’ तिने तक्रार नोंदवली. मग मेल आला की पार्सल उघडतानाचा व्हिडिओ पाठवा. मसाल्याचं खोकं उघडताना व्हिडिओ कोण काढतं? मी बशीचा आणि काट्याचा फोटो पाठवला. त्यावर उत्तर आलं, ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.’

हे एक वेळ सोडून देता आलं असतं. पण कार्डावर तिरफळासमोर लिहिलंय: ‘सर्व नॉनव्हेज ग्रेव्हींसाठी उत्तम.’ लिहिणाऱ्याने तिरफळ नुसतं हुंगलं तरी असेल का, शंका आहे. तिरफळ लागतं बांगड्याला, तारलीला, म्हणजे तेलकट आणि उग्र माशाला. तो जिभेला मुंग्या आणणारा झणका माशाचा वशाटपणा कापतो. पापलेटात घातलंत तर पापलेट गेलं. चिकनमध्ये आलं-लसूण आणि गरम मसाल्याखाली ते पार दबून जातं, कार्डावर विश्वास ठेवून एका रविवारी करून पाहिलंय. बांगड्याच्या तिखल्यात, म्हणजे तिखट कालवणात, पाचसहा तिरफळं कोमट पाण्यात भिजवायची, किंचित ठेचायची आणि शेवटच्या उकळीला त्या पाण्यासकट सोडायची. फोडणीत नाही. वाटणात तर मुळीच नाही, मिक्सरमधून फिरलं की कडवटपणा उतरतो. शाकाहारी लोकांनी गोव्याच्या खतखत्यात, म्हणजे मिश्र भाजीत, घालून पाहावं, तिथे कांदा-लसूण नसतो म्हणून तिरफळाला बोलायला जागा मिळते. यातलं एक अक्षर कार्डावर नाही.

बाकीच्या बरण्या. दालचिनी जाड सालीची, म्हणजे बिर्याणीला चालेल, खिरीत नको. वेलची बरी. दगडफूल चांगलं निघालं, गोडा मसाला घरी करणाऱ्यांनी तेवढं सुटं मिळालं तर घ्या. बडीशेप-कारलं ही उत्तरेकडची जोडी कार्डावरून उचलली आणि ती घरात टिकली. कारल्याच्या काचऱ्यांत भरडलेली बडीशेप घातली की गूळ कमी लागतो.

हिंगाबद्दल बोलायलाच हवं. कार्डाच्या माथ्यावर ‘सगळं आपल्या मातीतलं’ असं छापलंय. हिंग? तो अफगाणिस्तान-इराणकडून येतो. आपल्याकडे हिंगाचं पहिलं रोप हिमाचलातल्या पालमपूरच्या संशोधन संस्थेने तिथल्याच लाहौल खोऱ्यात लावलं तेच मुळी ऑक्टोबर २०२० मध्ये. बरणीमागे बारीक अक्षरांत गव्हाचं पीठ आणि डिंकही आहे. बांधानी, म्हणजे पीठ-डिंक मिसळून केलेल्या हिंगात ते असतंच, तक्रार नाही. पण ज्यांना गहू वर्ज्य आहे त्यांनी चष्मा लावून वाचा.

आता जरा मत बदलल्याची गोष्ट. कार्डावर ‘जायफळ: पालक’ वाचून मी हसलो होतो. जायफळ पुरणात, श्रीखंडात, फार तर कॉफीत. पालकात कशाला? पण मुलीने दूध घालून पालकाचं सूप केलं आणि मला न विचारता किसणीवर जायफळ दोनदा घासलं. पालकाचा तो लोखंडी वास गेला आणि दूध गोडसर लागायला लागलं. युरोपात हे म्हणे रोजचंच आहे. आता घरात पालक आणि दूध एकत्र आले की जायफळ निघतं. ताकातल्या पालकाला मात्र हात लावू देणार नाही, तिथे मेथीदाणा आणि हिंगच.

विलायती चार बरण्यांपैकी रोझमेरी भाजलेल्या बटाट्यावर छान लागते. ऑरेगॅनोच्या पुड्या पिझ्झ्याबरोबर फुकट येतात, ड्रॉवर भरलाय. बाझिल वाळवल्यावर गवत. थाइमची बरणी उघडली तर ओळखीचा वास. थाइममध्ये आणि ओव्यात थायमॉल हे एकच द्रव्य आहे, म्हणून. तेव्हापासून कार्डावर जिथे थाइम लिहिलंय तिथे मी हातावर चोळून चिमूटभर ओवा घालतो. मशरूमला झकास लागतो. थाइमच्या त्या ८ ग्रॅमच्या पैशांत वाण्याकडे वर्षभराचा ओवा येईल. ओवा जास्त तिखट असतो, तेवढं प्रमाण सांभाळा.

बरण्यांची झाकणं मात्र घट्ट आहेत, भर पावसात हळदीला गुठळी धरली नाही. हा एक गुण देतो.

शेवटी कंपनीने काय दिलं? पन्नास रुपयांचं कूपन, पाचशेच्या वरच्या खरेदीवर, महिनाअखेरपर्यंत. संच पुन्हा घेणार नाही आणि सुटं जिरं त्यांच्याकडे वाण्यापेक्षा महाग आहे. कोणाला कूपन हवं असेल तर सांगा, कोड देतो. तिरफळ मागवू नका.