गणपती दीड दिवसाचा, गौरींबरोबरचा की दहा दिवसांचा?

वडीलधारी थकली, मुलगा-सून दोघं नोकरीला, की भाद्रपदाच्या तोंडावर विषय निघतोच: दिवस कमी करायचे का? ज्यांच्या घरी तो निघालाय त्यांच्यासाठी हे.

दीड दिवस म्हणजे चतुर्थीला प्रतिष्ठापना, ऋषिपंचमीला विसर्जन. दगदग कमी होते असं नाही, ती दोन दिवसांत कोंबली जाते. आज उकडीचे मोदक, उद्या ऋषीची भाजी, मध्ये येणारे-जाणारे. पण तिसऱ्या दिवशी घर मोकळं. रजेचं गणित दरवर्षी वेगळं. 2024 मध्ये चतुर्थी 7 सप्टेंबरला, शनिवारी आली आणि रविवारी विसर्जन झालं. 2025 मध्ये ती 27 ऑगस्टला, बुधवारी होती. म्हणजे गुरुवारची रजा काढणं आलं. लांबच्या नातेवाइकांना मात्र एवढ्यात येणं जमत नाही.

गौरी असलेल्या घरात हिशोबच निराळा. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन, मूळावर विसर्जन, त्यामुळे दिवस नक्षत्र ठरवतं. 2024 ला सहाव्या दिवशी विसर्जन झालं, 2025 ला सातव्या. काम याच दिवसांत सगळ्यात जास्त: आल्या संध्याकाळी भाजी-भाकरी, पूजनाला पुरणपोळी, कुठे सोळा भाज्या, वर हळदीकुंकू. कोकणात नव्या सुनेचा ओवसा (भरलेली सुपं गौरीपुढे ठेवून ओवाळण्याचा विधी) असेल तर विचारायलाच नको. तरीही कात्री लावायचीच तर गौरींना शेवटी लावा, असं माझं मत. माहेरवाशिणी, जावा-नणंदा एकत्र येतात त्या याच दोन-तीन दिवसांत. त्याऐवजी मखर साधं करा. सोळा भाज्यांची एक मिसळीची भाजी करा, पुरणपोळ्या ओळखीच्या बाईंकडून करून घ्या. (पोळी विकतची म्हणून रुसलेली गौर मी तरी पाहिलेली नाही. रुसतात त्या सासवा.)

दहा दिवसांचं थोडक्यात सांगता येईल. रोज दोन्ही वेळा पूजा, आरती, नैवेद्य, आणि गणपती असताना घराला कुलूप लावायचं नाही, ही अनेक घरांची रीत. दिवसा घरी माणूस असेल तर जरूर ठेवा. नसेल तर सगळा भार एका बाईवर पडतो, आणि अनंत चतुर्दशीची गर्दी वेगळीच.

चौथा पर्याय फारसा कुणी काढत नाही: भावाभावांत मिळून एकच गणपती. चुली वेगळ्या झाल्या की गणपतीही वेगळे होतात आणि मग ऐन सणात कुणीच कुणाकडे धड बसत नाही. कोकणातल्या मूळ घरी चाकरमानी जमतात तसं शहरातही आलटून-पालटून करता येतं. खर्च वाटला जातो, आरतीला आवाजही मिळतो. मानापमान आधी मिटवावे लागतात, ती खरी अडचण.

दिवस कमी केले तर कोप होईल का, ही भीती घरात कुणाला तरी असतेच. किती दिवस ठेवायचा हा कुलाचाराचा भाग, आणि एकाच कुळातल्या दोन घरांत तो वेगळा असलेला दिसतो. गुरुजींना विचारून घ्या, म्हातारी माणसं निवांत होतात.

ठरवायचं ते मूर्ती सांगायच्या आधी ठरवा. दीड दिवसाचा ठरला तर शाडूची वीतभर मूर्ती पुरते आणि ती घरच्या बादलीतही विरघळते. नातेवाइकांनाही तेव्हाच कळवा, नाहीतर पाचव्या दिवशी कुणीतरी पेढे घेऊन दारात उभं असतं.